तोंडाशी राखण : शकूआत्याबरोबर सेलू, केळझर आणि पवनार

सेलूला जायचं ठरलं ते एका फोनमुळे. मी त्या दिवशी जालन्याला शकूआत्याकडे जेवायला गेले होते. फोन तिच्या धाकट्या बहिणीचा, वर्ध्याजवळच्या सेलूच्या कुसुमआत्याचा होता. आत्याचे हात पिठाचे होते म्हणून तिनं मला फोन स्पीकरवर टाकायला सांगितला, आणि त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. दोघी बहिणी कित्येक वर्षांत एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या.

"अक्का, मृणालचा साखरपुडा हाय. तू ये. पण तोंड सांभाळून येजो. नाई जमत असन तं येऊच नको."

शकूआत्याला कुणी एक शब्द बोललं तर ती चार ऐकवते, हे आमच्या अख्ख्या खानदानाला माहीत आहे. पण ती फक्त "येते" म्हणाली. मग हात धुऊन मला भाजी वाढताना म्हणाली, "तुझी गाडी रिकामी आहे का गं पुढच्या आठवड्यात?"

माझ्यातल्या भटक्या बाईला वर्धा जिल्हा बघायचा होताच. सेवाग्रामच्या पलीकडे तिथे काय आहे, हे फारसं कुणी लिहीत नाही. पण खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त कुतूहल शकूआत्याचं होतं. ही बाई तोंड सांभाळणार कशी?

आधी थोडं तिच्याविषयी. जालन्यात तिचं साड्यांचं दुकान होतं. ते आता सून बघते, पण अजूनही जुनी गिऱ्हाइकं "काकू आहेत का?" असं विचारतच आत शिरतात. साडी दाखवता दाखवता ती समोरच्या बाईच्या नवऱ्याची, सासूची अशी गंमत करायची की बाई हसता हसता दोन साड्या जास्त घेऊन जायची. तिचं बोलणं हीच तिची कमाई होती. आणि त्याच बोलण्यानं काही वर्षांपूर्वी कुसुमआत्याच्या मुलीचं, मृणालचं, ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. नेमकं काय झालं होतं ते मला माहीत नव्हतं. घरात त्या विषयावर कुणी बोलत नसे.

पहिला दिवस : जालना ते सेलू

थंडीचे दिवस, सकाळी लवकर निघालो. जालन्याहून समृद्धी महामार्गाला लागलं की वर्ध्याजवळच्या येळाकेळीपर्यंत गाडी सरळ जाते. जाणाऱ्यांसाठी सांगते: टायरची हवा आधी तपासा, फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे ठेवा, टोल बराच होतो. आणि डबा नक्की घ्या. रस्ता उत्तम असला तरी खाण्यापिण्याची ठिकाणं लांब लांब आहेत. आम्ही पेट्रोल पंपापाशी गाडी थांबवून आत्याच्या धपाट्यांवर दही घालून खाल्लं. रस्ता इतका सरळ की झोप येते, म्हणून सोबत बोलणारं माणूस हवं. माझ्या सोबत बोलणारं माणूस होतं, पण ते गप्प होतं.

मध्येच तिचे ओठ हलायचे. डोळे मिटलेले.

"जप करतेस का?" मी विचारलं.

"जप नाही. मागणं."

"काय मागतेस?"

"आत्ता नाही सांगत. तू लिहितेस त्या तुझ्या ब्लॉगवर." एवढं बोलून ती स्वतःच हसली.

विदर्भात शिरलो तसा दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर दिसायला लागली. येळाकेळीला उतरून सेलूच्या रस्त्याला लागलो तेव्हा कापसानं भरलेले टेम्पो पुढे होते आणि डांबरावर कडेला पांढरे पुंजके उडत होते. सेलू हे तालुक्याचं गाव. बाजार, बसस्थानक, बियाणं-खतांची दुकानं, मोबाइलची दुकानं. एके काळी इथली केळी नावाजलेली होती असं सगळे सांगतात. राहण्यासाठी इथे फारसे पर्याय नाहीत. नातेवाईक नसतील तर वर्ध्यात किंवा पिपरी मेघेच्या बाजूला मुक्काम करावा, तिथून सेलू जवळ आहे.

कुसुमआत्यानं दार उघडलं. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मग धाकटीनं वाकून नमस्कार केला, तेवढाच. "या, हातपाय धुवा," असं म्हणून ती आत गेली.

पानात सांबारवडी होती. तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे लक्षात ठेवा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डाळीची वाट बघत बसले होते. बाहेरून खुसखुशीत, आत भरपूर कोथिंबीर, खोबरं, खसखस, सोबत चिंचेची कढी. या एका पदार्थासाठीसुद्धा वर्ध्याला जावं.

जेवताना कुसुमआत्या टोमणे मारत होती. अक्काला आमच्याकडचं तिखट सोसतं की नाही, अक्का मोठ्या शहरातली. शकूआत्या प्रत्येक वेळी "छान झालंय" म्हणत होती. शेवटी कुसुमआत्यालाच ते असह्य झालं.

"काऊन अशी गप्प बसून राह्यली? मनात काय शिजून राह्यलं तुह्या?"

"काही नाही गं. जेवतेय."

"पायजो बरं, ऋतुजा," कुसुमआत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "हे गप्प बसली का मले जास्त भेव वाटते."

मृणाल तेवढ्यात कॉलेजातून आली. वर्ध्याला शिकवते ती. उंच, मोकळी, बोलताना हात हलवणारी. तिनं मावशीला मिठी मारली नाही, पण तिची बॅग उचलून स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली. शकूआत्या त्या बॅगेकडे बघत राहिली.

दुसरा दिवस : सकाळी केळझर, दुपारी साखरपुडा

पाहुणे दुपारी येणार होते. "सकाळी केळझरला जाऊन येऊ," शकूआत्या म्हणाली. सेलूहून नागपूरच्या जुन्या रस्त्यानं थोडं पुढे गेलं की केळझर लागतं. आधी सेलूच्या बसस्थानकाजवळ तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल तर्री, वरून कच्चा कांदा. नाक पुसत पुसत खायचे. दोघींचं पोटभर होऊन शंभराच्या नोटेतून पैसे परत आले.

केळझरचा गणपती टेकडीवर आहे. खाली जुनं गाव, भोवती शेतं. भीमानं बकासुराला मारलं ती एकचक्रा नगरी हीच, असं गावातले लोक सांगतात. सकाळी गर्दी नव्हती. मूर्ती मोठी, शेंदरी, डोळे तुमच्याकडे रोखलेले.

आत्या बराच वेळ हात जोडून उभी होती. मी बाहेर ओट्यावर बसले. वाऱ्यात थंडी होती आणि खालून बैलगाडीचा आवाज येत होता. ती बाहेर येऊन माझ्याशेजारी टेकली आणि मी न विचारताच बोलली.

"तुला काल सांगितलं नाही ना, काय मागते ते."

"नको सांगूस, नसेल सांगायचं तर."

"ऐक. हा काय करत होता लहानपणी? आईच्या दाराशी राखणीला बसला होता. बाप आला तरी आत सोडलं नाही. मी त्याला म्हणते, तसा माझ्या तोंडाशी बस. आत कुणाला सोडायचं, बाहेर कुणाला सोडायचं, तू बघ. माझ्याच्यानं नाही होत."

"खरंच नाही होत?"

"नाही गं. तुला काय वाटतं, मी वाईट बोलावं म्हणून बोलते? समोर चार माणसं बसली की मला दिसतं, आता हे बोललं तर सगळे हसतील. ते दिसलं की माझं तोंड उघडलेलंच असतं. मोह म्हणतात ना, तो असा. मिठाईचा मोह आवरता येतो मला, साखर वाढल्यापासून बोट लावलं नाही. पण हशा..." तिनं मान हलवली. "लोक हसले की मला अजूनही दुकानात बसल्यासारखं वाटतं."

मी देवाधर्मात फारशी नाही. देवळात जाते ती खांब आणि कोरीवकाम बघायला. पण देवाकडे पैसा, आरोग्य, पोरांचं भलं मागणारे खूप पाहिले होते. "मला आवर" असं मागणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते. मला विचारायचं होतं, मग तो आवरतो का? पण पाहुण्यांची वेळ होत आली होती.

अल्लीपूरहून मुलाकडची मंडळी आली. शेतीवाडीचं घर, मुलगा वर्ध्यात नोकरीला, पिपरी मेघेला फ्लॅट घेतलेला. मुलाची आई मोठ्या आवाजाची, ठसठशीत बाई. पहिल्या पाच मिनिटांतच तिनं सांगून टाकलं की त्यांनी मुलीसाठी खास येवल्याहून हातमागाची पैठणी मागवली आहे. "अशी साडी तुमच्या सेलूत पाह्यली नसन कोणं," ती म्हणाली. कुसुमआत्याचा चेहरा कसनुसा झाला.

साडी हातोहात फिरत आमच्याकडे आली. शकूआत्यानं सवयीनं पदर उलटा केला. उलटा करून लगेच सरळ केला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते म्हणून मला कळलं, काहीतरी आहे.

"तुमचं तं दुकान होतं म्हणे साड्यांचं," मुलाची आई म्हणाली. "सांगा बरं, कशी आहे?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. कुसुमआत्याही. तिच्या हातातलं तबक तिनं छातीशी घट्ट धरलं होतं.

शकूआत्यानं डोळे मिटले. क्षणभरच. "रंग फार सुंदर आहे," ती म्हणाली. "मृणालला खुलून दिसेल."

साडी पुढे गेली. ओटी भरली, आणि मृणाल साडी नेसायला आत गेली. आता ती बाहेर आली की अंगठ्या. मधल्या वेळात चहा आला. आणि तेव्हाच मुलाच्या आईनं आपली खुर्ची शकूआत्याजवळ ओढली.

"ताई, एक विचारू काय? मनात ठेवून नाई राहवत मले. पोरगी शिकलेली, नोकरीवाली, दिसायले अशी देखणी. मंग पयलं स्थळ काऊन मोडलं? लोकं काईबाई बोलतात. तुम्ही घरातल्या मोठ्या, तुम्हीच सांगा."

तिनं विचारलं हळू, पण तिचा हळू आवाजही खोलीभर ऐकू जाणारा होता. कपबश्यांचे आवाज थांबले. मुलगा वडिलांकडे बघायला लागला. कुसुमआत्या दारात उभी होती, पांढरीफटक.

आता मला वाटलं, आत्या पुन्हा काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल. योग नव्हता, पत्रिका जुळली नाही. कुणीही तेच केलं असतं. आत्याचे ओठ हलले, तसेच जसे गाडीत हलत होते. मग ती बोलली, आणि मोठ्यानं बोलली.

"ते माझ्यामुळे मोडलं."

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली.

"मला लोकांना हसवायची सवय. त्या दिवशी अशीच बैठक होती. मी म्हटलं, आमची मृणाल बापावर गेलीय, हिच्या घरात काचेची भांडी ठेवू नका. सगळे हसले. त्या मुलाची आई हसली नाही. दोन दिवसांनी नकार आला, मुलगी तापट आहे असं आमच्याच माणसानं सांगितलं म्हणून. तुम्ही विचारता पोरीत काय खोट होती. पोरीत नव्हती, माझ्या तोंडात होती. आणि त्याहून वाईट म्हणजे नंतर लोक पोरीला नावं ठेवत होते ते माझ्या कानावर येत होतं. तेव्हा मी एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही की बाबांनो, हे माझ्यामुळे झालं. नको तिथं बोलले, आणि बोलायचं होतं तिथं गप्प बसले."

तिचा आवाज शेवटी फाटला. तिनं पदर तोंडाला लावला नाही, तशीच ताठ बसून राहिली.

मुलाच्या आईनं चहाचा घोट घेतला. "म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "पोरगी तापट नाई?"

आत्ता, याच क्षणी, खोलीतला प्रत्येक जण एका विनोदाची वाट बघत होता. इतका ताण आला होता की काहीही बोललं असतं तरी हशा पिकला असता. शकूआत्याला तो विनोद सुचला असणारच, मी पैजेवर सांगते.

"ते तिलाच विचारा," ती म्हणाली. "तिच्याबद्दल बोलायचं मी सोडलंय."

"आहे मी तापट," आतल्या दारातून मृणालचा आवाज आला. ती साडी नेसून उभी होती, किती वेळ कुणास ठाऊक. "कधी कधी. भांडी मात्र अजून फोडली नाहीत."

"मले माहीत आहे," मुलगा म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे पहिलंच वाक्य. "मागच्या महिन्यात अर्धा घंटा उशीर झाला होता, तेव्हा कळलं."

मग जे हसणं सुरू झालं ते थांबेना. मुलाची आई सगळ्यात मोठ्यानं हसली. "ये वं माय, बस इथं," तिनं मृणालला जवळ ओढलं, आणि अंगठ्या झाल्या.

जेवणानंतर मागच्या अंगणात मुलाच्या आईनं शकूआत्याला गाठलं. मी पान लावत बसले होते.

"आता एकटी हाव मी. खरं सांगा. साडी कशी आहे?"

"एकटीनं विचारलंत म्हणून सांगते. हातमागाची नाही. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते. हिच्या मागे बघा, धागे सुटलेत. साडी वाईट नाही, पण तुम्ही जे पैसे दिले असतील ते जास्त दिलेत. नेसलेली साडी आता बदलून मिळणार नाही, पण दुकानदाराला विचारा तरी."

मला वाटलं, आता ही बाई रागावणार. ती पदर उलटा करून बघायला तडक आत गेली, मृणालच्या खांद्यावरून पदर उचलला, आणि भर बैठकीत ओरडली, "अहो, मले तं पार बनवलं त्या दुकानदारानं!" पुन्हा सगळं घर हसलं. या वेळी शकूआत्याही.

तिसरा दिवस : पवनार आणि परत

निघण्याआधी कुसुमआत्या आमच्याबरोबर पवनारला आली. धाम नदीचं पात्र तिथे काळ्या खडकांतून जातं, थंडीत पाणी नितळ असतं. आश्रमाच्या बाजूनं खाली उतरून खडकांवर नुसतं बसावं. सकाळी जा, उन्हात खडक तापतात. वर्ध्यातून घरी न्यायला गोरसपाक, म्हणजे तिथली साजूक तुपातली बिस्किटं, घ्यायला विसरू नका. खुसखुशीत असतो, प्रवासात मोडतो, म्हणून कपड्यांत गुंडाळून ठेवा.

दोघी बहिणी पाण्यात पाय सोडून बसल्या. मी जरा मागे.

"मृणालनं तुले माफ केलं," कुसुमआत्या म्हणाली. "काल झोपताना म्हणत होती."

"आणि तू?"

"मले वेळ लागन, अक्का."

शकूआत्या "हो" म्हणाली. समजूत काढली नाही, कारणं दिली नाहीत. थोड्या वेळानं कुसुमआत्यानं पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, आणि अर्धं तिच्या हातावर ठेवलं.

परतीच्या वाटेवर मी शेवटी विचारलंच. "मग, बसला का तो राखणीला?"

"पैठणीच्या वेळी बसला," आत्या म्हणाली. "पण दुसऱ्या वेळी मी त्याला म्हणत होते, दार लाव, दार लाव. आणि त्यानं उघडलं. मला वाटत होतं राखण म्हणजे अडवणं. तसं नाही दिसत." मग म्हणाली, "हे लिही तू. मृणालला मी विचारलंय, तिची हरकत नाही. लोकांनी इतकी वर्षं पोरीला नावं ठेवली, तर कारणही लोकांना कळू दे. फक्त नावं बदल." त्याप्रमाणे नावं बदलली आहेत. सांबारवडी खरी आहे.

घरी येऊन आठवडा झाला. काय उरलं म्हणाल तर कापसाचे ते उडणारे पुंजके, केळझरच्या ओट्यावरचा गार वारा, आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. मी अजूनही देवळात खांबच बघते. पण परवा एक गोष्ट घडली.

माझ्या चुलतबहिणीचा फोन आला. "काय गं, सेलूला काय झालं? शकूआत्यानं परत काही घोळ घातला का? सांग ना पटकन." मी हे सगळं लिहिणारच होते, मग तिला सांगायला काय हरकत होती? पण तिला गोष्ट नको होती, फोडणी हवी होती, आणि ती माझ्या जिभेवर तयार होती. आत्याचा फाटलेला आवाजसुद्धा मी हुबेहूब काढून दाखवू शकले असते. ती खूप हसली असती.

मी कुणाकडे काय मागितलं ते मला सांगता येणार नाही. पण काहीतरी मागितलं.

"साखरपुडा छान झाला," मी म्हटलं. "तू कशी आहेस?"

मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "खरं सांगू?"

मी वाळत घातलेले कपडे तसेच टाकून बाल्कनीत खाली बसले आणि ऐकत राहिले. ती काय बोलली, ते इथे लिहीत नाही.